पागोट्यावरची घागर

डोक्यावर घागर घेऊन चालणं ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आमच्या शिवाजी पेठेतल्या बायका रोज डोक्यावर घागर, काखेत कळशी आणि तोंडात सासूचा विषय घेऊन रंकाळ्यावरून घरी यायच्या, आणि तिन्हींतलं काही सांडत नसे. पण दरबारच्या नोकरीतल्या, पोट सुटलेल्या, जन्मात लेखणीपेक्षा जड काही न उचललेल्या कारकुनानं पंचगंगेच्या घाटापासून टेंबलाईच्या टेकडीपर्यंत भरली घागर नेली, आणि तीही पागोट्यावर ठेवून, ही गोष्ट वेगळी. ती मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. दर वेळी घागर थोडी मोठी होते, असं आमच्या घरातून ऐकवलं जातं. होत असेल. बरीच वर्षं झाली त्याला. राज्यावर महाराज होते, आणि माझ्या डोक्यावर केस होते.

झालं असं. आदल्या वर्षी आमची चिमणा तापानं अंथरुणाला लागली. पाच वर्षांची पोर, वाळून पापडासारखी झालेली. वैद्यांनी पुड्या बांधायचं बंद करून नुसतं आकाशाकडं बोट दाखवलं, तेव्हा तिच्या आईनं टेंबलाईला नवस बोलला : "पोर उठू दे, पुढच्या आखाडात नव्या पाण्याची घागर तुझ्या पायरीवर आणून ओतीन." इथवर ठीक होतं. पण मग माझ्याकडं न बघताच ती पुढं म्हणाली, "ह्यांच्या डोक्यावरून."

पोर उठली. फक्त उजव्या पायात कमजोरी राहिली. भिंत धरून चालायची, भिंत संपली की बसायची. माझ्या बायकोचा हिशेब सरळ होता. "देवीनं अर्धी पोर दिलीय," ती म्हणायची, "अर्धी घागरीसाठी ठेवून घेतलीय."

ह्यावर कुठला नवरा वाद घालील?

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी नाहीतर शुक्रवारी गल्लोगल्लीची माणसं ते घागरींत भरून, 'पी ढबाक' वाजवत टेंबलाईला नेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. 'पी ढबाक' म्हणजे पिपाणी 'पी' करते आणि ढोल 'ढबाक' करतो. एवढंच ते संगीत. पण ते ऐकलं की कोल्हापूरचा माणूस जेवणावरून उठतो.

मी आधी उठून गेलो तो कचेरीत, रजा मागायला. आमचे शिरस्तेदार हे नियमाचे इतके पक्के, की शिंक आली तरी ती कुठल्या हुकमाखाली आली हे पाहून मग शिंकत.

"रजा कशासाठी?"

"देवीला पाणी घालायला, साहेब."

"तुम्ही स्वतः आजारी?"

"नाही."

"घरात कुणी मयत?"

"नाही. तेवढ्यासाठीच तर पाणी घालायचंय."

"मग ही रजा बसवायची कशात? आजारात बसत नाही, सुतकात बसत नाही." असं म्हणून त्यांनी माझी रजा कशातच बसवली नाही. एक मंगळवार गेला, शुक्रवार गेला, परत मंगळवार गेला. आषाढातला अखेरचा शुक्रवार तेवढा उरला. तो चुकला तर नवस चुकला, कारण 'पुढचा आखाड' असं बायकोच्या तोंडून स्पष्ट गेलेलं. घरात चूल पेटत होती, पण माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. शेवटी गुरुवारी शिरस्तेदारांनी मला बोलावून शुक्रवारचा दिवस 'नदीकडील कामकाज' ह्या नावाखाली सोडला.

"पण एक अट," ते म्हणाले. "दरबारचा नोकर भर रस्त्यानं बोडक्यानं हिंडला, असं माझ्या कानावर येता कामा नये. डोक्यावर पागोटं पाहिजे. पागोटं उतरलं, तर शनिवारपासून कचेरीत येऊ नका."

"पण साहेब, डोक्यावर घागर असणार."

"घागरीविषयी दरबारचं काही म्हणणं नाही. ती पागोट्यावर ठेवा."

आता माझं पागोटं विटून मातकट झालेलं. एवढ्या गावासमोरून जायचं, तर ते निदान लाल दिसावं म्हणून मी शेजारच्या गल्लीतल्या फक्रुद्दीन रंगाऱ्याकडं धावलो. फक्रुद्दीन हाताला कोपरापर्यंत तीन रंग लावून बसलेला असे. मोठा मानी कारागीर. "पंत, असा लाल देतो, की बैल बिथरून अंगावर येतील," म्हणाला. संध्याकाळी पागोटं देताना मात्र त्यानं ते दोन बोटांत धरलं. "घाई केली तुमी. रंग कच्चा हाय अजून. आठवडाभर पाण्याचा थेंब लागू देऊ नका."

"अरे बाबा, उद्या मी पाणीच न्यायला चाललोय."

"मग घागरीत न्या की! पागोट्यात कशाला नेताय?"

हे वाक्य वाचकांनी जरा जपून ठेवावं.

घागरीचं म्हणाल, तर बायकोनं माझी मान पाहून एक छोटी कळशी घासून ठेवली होती. तेवढ्यात तालमीचा हंबीरराव आला. हा आमचा समोरचा शेजारी. छाती एवढी, की दारातून तिरका यावा लागे. कळशी पाहून त्याचा चेहरा दुःखानं काळवंडला.

"ह्ये काय ओ पंत? पेठेचा गडी कळशी घिऊन जाणार? गंगावेशीतली पोरं फिदीफिदी हसतील की!"

"हसू दे. मान माझी आहे."

"मान तुमची, पर अब्रू पेठेची न्हाय व्हय?" असं म्हणून तो गेला आणि तालमीतली तांब्याची घागर घेऊन आला. तिला घागर म्हणणं ही नम्रता झाली. तीत पैलवान पोहून निघाला असता. "चार पिढ्यांच्या पैलवानांनी ह्यातलं पाणी पिलंय," तो म्हणाला.

"आणि बुडाला हे काळं काय?"

"लाख लावलीया. कायबी होत न्हाय. तुमी नुस्तं ताठ चाला."

एव्हाना झुंबरबाई काठी टेकत आल्या होत्या. पेठेतल्या कुठल्याही कार्यात काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. त्यांनी मला समोर उभं करून कायदे सांगितले. घागर वाटेत भुईला टेकवायची नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची नाही. मागं वळायचं नाही. खाजवायचं नाही.

"आणि खाज आली तर?"

"यील. सोसायची. आन बायांनी पायावर पाणी घातलं तर गुमान आशीर्वाद द्यायचा."

"मी?"

"तुमी न्हाय ओ. त्या वक्ताला तुमी कुठं असताय? घागर असती."

माणसाचा इतका नेमका अपमान मी कचेरीतसुद्धा अनुभवला नव्हता.

शुक्रवारी सकाळी पावसानं उघडीप दिली होती. घाटावर पंचगंगा तांबडीलाल होऊन वाहत होती. पुढं पी ढबाक, मागं पेठ, मध्ये मी. पागोटं असं लाल, की लहान मुलं मला बघायला थांबत. मला ते आवडलं, नाही म्हणत नाही. मग तालमीच्या दोन गड्यांनी घागर भरून उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. त्याबरोबर माझी मान जी अंगरख्यात गेली, ती टेकडीपर्यंत बाहेर आली नाही. मला माझी हनुवटी छातीच्या खाली लागत होती. "ताठ!" हंबीरराव ओरडला. मी ताठच होतो. फक्त उंचीनं वीतभर कमी झालो होतो.

बायको बाजूनं चालत होती, आणि तिच्या कडेवर चिमणा. पोर तिथून घागरीकडं टकमक बघत होती. तेवढ्यासाठी मी पाय टाकत राहिलो.

गंगावेशीत मानेवर गार काहीतरी टिपकलं. हिंदकळलं असेल, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पापाच्या तिकटीच्या चौकात ते कानामागून वाहू लागलं. पण महाद्वाराशी आलो, तोवर एक अद्भुत घडलं. घागर हलकी झाली! चांगली जाणवण्यासारखी हलकी. पुढं भवानी मंडपापाशी आणखी हलकी. म्हटलं, आई, मी पापी कारकून, दोन वेळा जेवणारा, आणि तू माझा भार स्वतः घेतेस? माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तुम्ही हसाल, पण इतकी शुद्ध भक्ती मी त्याआधी केली नव्हती, आणि त्यानंतर तर नाहीच.

डोळे भरल्यामुळं मला रस्ता दिसेना, म्हणून मी झोके खाऊ लागलो. आणि माझ्या तोंडावरून काय ओघळतंय, ते मला कुठून दिसणार? कपाळ, गाल, मिशा, अंगरख्याची छाती, सगळं कुंकवानं माखल्यासारखं लालभडक! एका बाईनं मला पाहिलं आणि किंकाळी फोडली, "आगं बया! आई आली! अंगात आई आली!"

मी सांगायला तोंड उघडलं, तर लाल पाणी तोंडात गेलं आणि नुसतं "ब्रूऽऽ" असं काहीतरी बाहेर पडलं. लोकांनी जागच्या जागी हात जोडले. पिपाणीवाल्यानं एवढा दम भरला, की 'पी' संपून 'ढबाक' यायला वेळ लागू लागला. बायका कळश्या घेऊन धावल्या आणि माझ्या पायांवर पाणी ओतू लागल्या. त्याचा चिखल झाला, चिखलात मी घसरू लागलो, आणि मी जितका घसरलो तितकी लोकांची खात्री पटली.

गर्दीतून फक्त एक माणूस हात जोडण्याऐवजी कपाळ बडवत येत होता. फक्रुद्दीन. "रंग! आवो माझा रंग चालला की समदा! पंत, सांगितलं न्हवतं व्हय मी?"

"ए, गप!" लोकांनी त्याला मागं सारलं. "देवी हाय ती."

"देवी असंल की! पर पागोट्याचा रंग माझा हाय!"

तो मागं हटेना. मिरवणुकीच्या कडेनं हळहळत, माझ्या पागोट्यावर डोळा ठेवून टेकडीपर्यंत आला बिचारा. रंगाऱ्याच्या डोळ्यांदेखत रंग जाणं म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक.

टेकडीच्या अलीकडं रेल्वेचं फाटक. ते बंद. मिरजेची गाडी यायची होती.

"उघड की," हंबीरराव म्हणाला. "दिसत न्हाय व्हय, देवी उभी हाय?"

"देवीनं टाईम बघून निघायचं," फाटकवाला म्हणाला. "गाडी गेल्याबिगर उघडणार न्हाय."

तेव्हा मी तिथं उभा. डोक्यावर घागर, तोंडावर रंग, पायाला खाज. आणि त्याच फाटकाशी अडकलेल्या टांग्यातून कोण उतरावं? आमचे शिरस्तेदार! टेंबलाईच्या दर्शनालाच निघाले होते. रजा काढून की कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या बापानंसुद्धा ओळखलं नसतं. पागोट्याचाही आता नुसता चिंब लगदा झाला होता. त्यांनी जोडे काढले, वाकून हात जोडले आणि हळूच म्हणाले, "आई, माझ्या बढतीचं काम वर अडकलंय. कधी सुटेल?"

मी देवीच्या नावानं कधी खोटं बोललो नाही. बोललो असेन तर माझी मान बोलली. पण आवाज आला खरा, आणि घोगरा आला :

"तू खाली अडवलंस, म्हणून वर अडकलं! हाताखालच्यांच्या रजा सोड!"

शिरस्तेदार पांढरे पडले. पिपाणीवाल्यानं 'पी' केली. गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं आणि गर्दीनं मला ढकलत टेकडीवर चढवलं. चढताना तर मी अक्षरशः पळत होतो, एवढी घागर हलकी. म्हटलं, आता देवी मला घागरीसकट उचलणार.

देवळाच्या पायऱ्यांशी सगळे थांबले. पी ढबाक थांबलं. बायकोनं चिमणाला खाली उतरवून कठड्याला धरून उभी केली आणि माझ्या समोर येऊन हात जोडले. मी घागर दोन्ही हातांनी घेतली आणि पायरीवर वाकडी केली.

काही नाही.

आणखी वाकडी केली. पालथी केली. आतून एक थेंब आला, काठावर थोडा थांबला, आणि परत आत गेला की काय कोण जाणे.

हंबीररावानं घागर हिसकावून बुडाला बोट लावलं. बोट आरपार गेलं. लाखेचा मागमूस नव्हता. "पंतांचं डोस्कंच लई तापट," तो मान खाली घालून पुटपुटला. "त्येनंच वितळली."

कुणी हसलं नाही. शेवटचा शुक्रवार, घाट एवढा लांब. बायकोनं कठड्याशी उभ्या पोरीकडं बघितलं. त्या बघण्यानं माझ्या मानेवर जे ओझं आलं, तसं त्या भरल्या घागरीचंसुद्धा नव्हतं. देवीनं भार घेतला म्हणून मी वाटभर रडलो होतो, आणि गळत होतं ते तिच्याच वाट्याचं पाणी.

त्या शांततेत फक्रुद्दीनचं रडगाणं तेवढं चालू होतं. "समदं पाणी ह्या पागोट्यानं पिलं. एवढं लांब कापड, पिणार न्हाय तर काय! माझा रंग खाल्ला, पाणी पिलं..."

बायकोनं मान वर केली. आधी फक्रुद्दीनकडं पाहिलं, मग माझ्या डोक्याकडं.

"अहो," ती म्हणाली, "पागोटं काढा."

पागोटं काढा! आणि तिच्या मागं, गर्दीतून वाट काढत, शिरस्तेदार पुढं येऊन उभे. त्यांची ती अट माझ्या कानात ढोलासारखी वाजली. नोकरी गेली तर चूल कशावर पेटायची? पण तिकडं कठड्याला धरून एक पोर उभी होती, आणि माझ्या नोकरीला दोन्ही पाय धड होते. मी पागोटं उतरवलं. भर गर्दीत, भर दिवसा, दरबारचा कारकून बोडक्यानं, शेंडी आणि कान लालेलाल.

"तांबडं पाणी कसं चालंल?" गुरव कुरकुरला.

झुंबरबाईंनी काठी आपटली. "नवं पाणी तांबडंच असतंय रं! निळं कवा बघितलंस? भुईला टेकलं न्हाय, दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं न्हाय. ह्येच्याच डोक्यावरनं आलंय. पिळा!"

पागोट्याचं एक टोक हंबीररावानं धरलं, दुसरं फक्रुद्दीननं. पैलवानाचा पंजा एकीकडं आणि जन्मभर कापडं पिळलेला हात दुसरीकडं. दोघांनी पीळ घातला मात्र, पायऱ्यांवर पाण्याची धार लागली! लोट आला, असं मी सांगत असतो. घरातून 'तांब्याभर होतं' असं सांगतात. लोट होता. पेठेनं एकच गलका केला, पी ढबाक सुरू झालं, बायका रडू लागल्या, हंबीररावही डोळे पुसत होता. फक्रुद्दीन स्वतःचा रंग वाहताना पाहून म्हणाला, "जाऊ द्या. चांगल्या ठिकाणी लागला."

शिरस्तेदार माझ्यापुढं आले. आता पागोट्याविना चेहरा मोकळा दिसत होता, ओळख पटली होती. मी मान खाली घातली. त्यांनी खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला गुंडाळलं.

"डोकं झाका," ते म्हणाले. "हुकूम आहे."

मग जवळ वाकून, हळूच : "फाटकाशी बोलली ती देवी, की तुम्ही?"

"मला काही आठवत नाही, साहेब."

"बरं," ते म्हणाले. "मलाही."

त्यानंतर आमच्या कचेरीत रजा अशा सुटू लागल्या, की माणसं काम विसरतील अशी भीती वाटू लागली. त्यांची बढती पुढं झाली. त्याचं श्रेय मी कधी मागितलं नाही.

पण मी सांगत होतो पायऱ्यांचं. ह्या सगळ्या गोंधळात चिमणाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. लाल पाणी पायऱ्यांवरून तिच्याकडं आलं, आणि पोरच ती. तिनं त्यात पाय घातला. मग दुसरा घातला. मग पाणी कुठून येतंय ते बघायला ती वरच्या पायरीवर चढली, आणि तिथून त्याच्याही वर. बायकोनं माझा दंड धरला, तो अजून दुखतो. पोरीचा हात कठड्यावर नव्हता. लंगडत होती, थोडी वाकडी होत होती, पण चढत होती. मागं कोरड्या दगडावर इवल्या पावलांचे लाल ठसे उमटत होते. एक ठळक, एक पुसट. वर पोचल्यावर तिनं वळून आम्हांला हाक मारली, की तुम्ही सगळे खाली काय करताय?

देवीनं केलं, की आम्ही तिला वर्षभर फार जपलं आणि त्या दिवशी जपायला विसरलो, ह्याचा निकाल मी लावत बसलो नाही. ज्यांचे आभार मानायचे त्यांतलं कुणी सुटू नये, म्हणून मी सगळ्यांचेच मानतो. देवीचे, त्या गळक्या घागरीचे, ती आणणाऱ्याचे, कच्च्या रंगाचे, पागोट्याचा हट्ट धरणाऱ्या शिरस्तेदारांचेसुद्धा. ह्यांतलं एक जरी नीट असतं, तरी आमचा नवस बिघडला असता.

पागोटं वाळलं ते फिकट, जुन्या गुलाबासारखं. फक्रुद्दीन दोनदा घरी आला. "द्या की पंत, फुकट रंगवून देतो. गावात माझं नाव खराब होतंय."

मी दिलं नाही. नोकरी संपेपर्यंत तेच घातलं. त्याला म्हटलं, "रंग एकदा पायरीला दिलाय, फक्रुद्दीन. तो पुन्हा डोक्यावर चढवणं बरं दिसत नाही."